काखेतल्या गाठी आणि नंतरचा तो हात : तुमचे अनुभव लिहा

माझ्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनच्या रिपोर्टात लिहिलं होतं, काखेतल्या 14 गाठी काढल्या, त्यातल्या 3 मध्ये आजार सापडला. घरात मात्र एकच शब्द फिरत राहिला, 'पसरलाय'. जावेनं तो फोनवर संकेश्वरला सांगितला, तिथून तो कोल्हापूरला गेला आणि संध्याकाळी माणसं शेवटचं भेटायला आल्यासारखी दारात उभी राहिली. मी बेळगावात शहापूरच्या घरी पलंगावर बसून एकेकाचं तोंड बघत होते. खरंच इतकं संपलंय का, हे विचारायचं तरी कुणाला?

तो शब्द मला उलगडून सांगितला ड्रेसिंगच्या सिस्टरनं. स्तनातलं पाणी काखेतल्या गाठींमधून, म्हणजे लसीका ग्रंथींमधून, गाळून पुढं जातं. म्हणून आजार स्तनाबाहेर निघाला की बहुतेक वेळा आधी तिथं अडकतो. काखेपर्यंत येणं वेगळं आणि हाडांत, यकृतात, फुप्फुसात जाणं वेगळं. काखेपर्यंतच असेल तर डॉक्टर पूर्ण बरं करायच्या हिशेबानंच उपचार आखतात. किती गाठींत सापडला, 1 ते 3, 4 ते 9 की 10 च्या वर, यावर पुढचं बरंच ठरतं. हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर माझ्या त्या पंधरा रात्री वाचल्या असत्या.

दुसरी गोष्ट हाताची. गाठी काढल्या, त्यावर शेक (रेडिएशन) घेतला, की हातातलं पाणी वर चढायची वाट अरुंद होते. तो हात जन्मभर सांभाळावा लागतो. मला हे ऑपरेशननंतर दहाव्या महिन्यात कळलं, डाव्या हातातल्या बांगड्या निघेनात तेव्हा. आधी कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मनात होतं की आपल्या भागातल्या बायकांनी हे एकमेकींना आपल्या भाषेत सांगावं. कन्नडमध्ये बोर्ड, इंग्रजीत रिपोर्ट आणि आपण मधे उभ्या, असं फार होतं.

नाव नको, गाव पुरे. जे झालं ते लिहा. औषध मात्र कुणी कुणाला सुचवू नका.

खानापूर तालुका, जांबोटीकडची (सासूबाई सांगतात, मी सून लिहिते)

उजवी बाजू. स्तनातली गाठ दुखत नव्हती, म्हणून भात कापून मळणी होईपर्यंत मी गप्प राहिले. दुखत नाही म्हणजे काय नाही, असं वाटलं. तीन महिने घालवले. बायांनो, न दुखणारी गाठच आधी दाखवा.

ऑपरेशन बेळगावात झालं. कुशीला नळी आणि तिला बाटली लावून घरी पाठवलं. सुनेनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, ती गळ्यात अडकवून मी गोठ्यापर्यंत फिरायची. रोज सकाळी सून बाटलीतलं पाणी मापात ओतायची आणि वहीत लिहायची. 140, 110, 85 मिली. दोन दिवस सलग 30 च्या खाली आल्यावर नळी काढली.

पुढच्या वर्षी आषाढात रोप लावायला चिखलात उतरले. सगळ्यांनी नको म्हटलं होतं. पण लावणीला माणूस मिळत नाही, आणि घरात बसून तरी किती बसायचं? उजव्या बोटाला पात्यानं बारीक चरा गेला, रगत पण आलं नाही. रातीला थंडी वाजून ताप. सकाळी बघतो तर हात कोपरापर्यंत लाल आणि तव्यासारखा तापलेला. पाच दिवस सलाईनमधून औषध घ्यावं लागलं.

(सुनेकडून: रात्रीच निघायला हवं होतं. पावसात गाडी कुठं मिळणार म्हणून उजाडायची वाट बघितली, ते अजून मला खातंय. हात लाल होऊन ताप आला तर थांबू नका. आता अत्ती (सासूबाई) बांधावर बसून रोपाच्या पेंढ्या बांधतात, रबरी हातमोजे घालून.)

निपाणी

माझी मंडळी विड्या वळते. लग्न होऊन आली तेव्हापासून तेच काम. तिच्या काखेत 5 गाठी निघाल्या. ऑपरेशननंतर केमो, त्यातली शेवटची 12 पॅक्लिटॅक्सेल नावाच्या औषधाची, दर आठवड्याला एक.

आठव्या-नवव्याला बोटांची टोकं बधिर झाली. तेंदूचं पान हातात आहे की नाही ते तिला कळेना. पान कापायची, जर्दा भरायची, वळायची, आणि दोऱ्याची गाठ बसायची नाही. विडी सुटायची. ती सुटलेल्या विड्या सुपात बाजूला ठेवायची आणि मला दाखवायची नाही. एका रात्री मी ते सूप बघितलं. तिनं हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, कारण डोस कमी केला तर आजार परत येईल अशी भीती. मी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. त्यांनी औषधाचं माप बदललं आणि म्हणाले, हे लपवायचं नसतं. मुंग्या वाढत गेल्या तर काही जणींच्या बोटांत त्या कायम राहतात.

पैशाचं सांगतो. आम्ही कर्नाटकाच्या कार्डावर उपचार घेतले, आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक. मिरज-कोल्हापूर आम्हाला जवळ, पण कागद इकडचे. महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, तेव्हा आपल्या गावाचं नाव यादीत आहे का आणि कुठले कागद लागतील, ते आधी विचारून घ्या. दोन्हीकडं आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची माहिती देणारा माणूस, बसलेला असतो. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. आमच्या ओळखीत एकांनी आधी पैसे भरले आणि मग कार्ड काढलं, ते पैसे परत मिळाले नाहीत.

वडगाव

मी ब्लाऊज शिवते. मला स्वतःला हा आजार नाही, माझ्या थोरल्या बहिणीला झाला. एक स्तन पूर्ण काढला. ती आरशासमोर पदर दोनदा गुंडाळून घ्यायची आणि तरी एका बाजूला खांदा उचललेला राहायचा. आम्हाला वाटलं लाजते. फिजिओवाल्या मॅडम म्हणाल्या, एका बाजूचं वजन गेलंय, म्हणून पाठ वाकडी धरते.

मग मी सुती कापडाचा गोल शिवला. आत पिंजलेला कापूस आणि तळाशी मोहरीची छोटी पुरचुंडी, वजनासाठी. घरातल्या तराजूवर तोलून तोलून बघितलं. ब्लाऊजला आतून खिसा केला, काखेकडची शिवण अर्धा इंच सैल सोडली आणि बाही कोपराजवळ घट्ट नको म्हणून तिथं कळी घातली. जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच घालायला दिलं. मोहरी ओली चालत नाही, धुताना पुरचुंडी काढायची. आतापर्यंत सात-आठ जणींना शिवून दिलेत. शिलाई घेत नाही.

टिळकवाडी, वय 36

शहापूरच्या बाई, मी तुमची विद्यार्थिनी. पाचवीला तुम्ही आम्हाला मराठी शिकवायचात.

माझी केमो आधी आणि ऑपरेशन नंतर. काखेतल्या गाठीत सुईनं एक बारीक धातूची खूण घालून ठेवली होती, म्हणजे औषधानं गाठ विरघळली तरी नंतर तीच शोधून काढता यावी. पहिली चार लाल औषधाची. त्या दिवशी लघवीही लाल होते, कुणी आधी सांगितलं नसेल तर जीव घाबरतो. सोळाव्या दिवशी उशीवर केस. सतराव्या दिवशी मीच आत्याला म्हटलं, कात्री आण. माझी पाच वर्षांची लेक शेजारी बसून केस गोळा करत होती. तिनं ते डब्यात भरून ठेवले, "परत लावायचे" म्हणून. तो डबा अजून तिच्या खेळण्यांत आहे.

माझा प्रकार हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे आजाराच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला. त्याचं ट्रास्टुझुमॅब नावाचं औषध दर तीन आठवड्यांनी, एकूण वर्षभर, आणि मधे मधे हृदयाची इको. ऑपरेशनच्या रिपोर्टात काखेत आजार उरलेला नव्हता. ती ओळ मी पार्किंगमध्ये उभं राहून चारदा वाचली आणि नवऱ्याला वाचून दाखवता येईना.

केमो चालू असताना 38 सेल्सिअसच्या वर ताप आला तर पॅरासिटामॉल खाऊन झोपू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. पांढऱ्या पेशी कमी असतात तेव्हा साधा ताप साधा नसतो.

येळ्ळूर

आईला दुसरं मत घ्यायला टाटाला नेलं. चालुक्य एक्स्प्रेस बेळगावहून दादरला जाते. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला 75 टक्के. हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं पत्र लागतं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. तिथं आमच्या शेजारी जळगावचं एक कुटुंब होतं. त्यांच्या मावशींनी आईला हाताचे व्यायाम दाखवले. त्यांची मराठी आणि आईची मराठी ऐकून दोघीही एकमेकींना सारख्या "काय म्हणालात?" विचारायच्या. टाटातही बेळगावसारखेच उपचार सांगितले. आईला तेवढ्यानंच धीर आला, मग शेक आम्ही बेळगावात घेतला, 15 दिवस.

हल्याळ

माझं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. दंडाच्या आतल्या बाजूला काही कळतच नाही, चिमटा काढला तरी. आणि हात वर करायला गेलं की काखेपासून कोपरापर्यंत तार ओढल्यासारखी होते. कातडीखाली ती दिसते पण. आजार परत आला का? घरात विचारायची हिंमत होत नाही.

शहापूर (धागा काढणारी)

हल्याळच्या ताई, मलाही अगदी असंच झालं होतं. दंडाचा स्पर्श कळवणारी एक नस काखेतून जाते. गाठी काढताना ती दुखावते, म्हणून तिथं बधिरपणा राहतो. ती तारही ऑपरेशननंतर बऱ्याच जणींना येते आणि बहुतेकींची काही आठवड्या-महिन्यांत व्यायामानं सुटते. तरी या आठवड्यातच दाखवून या, म्हणजे मनातला प्रश्न मनात राहायचा नाही.

मला व्यायाम शिकवणारी मुलगी धारवाडकडची होती. "अंजब्याडरी, कै मेल एत्तरी," म्हणायची. घाबरू नका, हात वर करा. भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. जिथं ओढ लागेल तिथं थांबायचं, श्वास सोडायचा, पेन्सिलनं खूण करायची. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या खुणा अजून आहेत, तारखांसकट. या दिवाळीत रंगाऱ्याला मी तेवढी पट्टी सोडायला सांगितली.

आणि महिन्यातून एकदा टेपनं दोन्ही हात मोजा. मनगट, कोपराखाली, कोपरावर, दरवेळी त्याच जागी. दोन हातांत 2 सेंटिमीटरचा फरक पडला की दाखवा. मी उशिरा गेले. आता दिवसभर दाबाची बाही घालते. लवकर गेले असते तर कदाचित इतकी लागली नसती.

हल्याळ

बाई, आज दवाखान्यात जाऊन आले. तारच आहे, दुसरं काही नाही म्हणाले. आल्यावर देवघराशेजारच्या भिंतीवर पहिली खूण केली. खांद्याच्या वर दोन बोटं. सासूबाईंनी विचारलं, हे काय? मी सांगितलं. त्यांनी खुणेखाली आपल्या हातानं तारीख घातली.