मदत हवी आहे: ठाण्यात उंच व्हर्बिना जगतो का?

नमस्कार मंडळी, आम्ही घोडबंदर रोडला तळमजल्यावर राहतो आणि खिडकीबाहेर थोडी मातीची जागा आहे, ऊन सकाळपासून दुपारपर्यंत मस्त येतं. कढीपत्ता आणि रुई आधीच आहे त्यामुळे मॉर्मन आणि प्लेन टायगर ही फुलपाखरं अंडी घालायला येतात, पण त्यांना मधासाठी फुलं कमी पडतात म्हणून तिथे व्हर्बिना बोनारिएन्सिस लावायचाय. तोच तो दक्षिण अमेरिकेतला, चार-पाच फूट उंच सडसडीत दांडे आणि टोकाला जांभळे गुच्छ, नर्सरीत मिळतो तो बुटका पसरणारा व्हर्बिना नकोय.

बी मातीवर नुसतं भुरभुरवायचं, झाकायचं नाही कारण त्याला उजेड लागतो आणि आधी थोडे दिवस फ्रीजमध्ये ठेवलं तर बरं उगवतं, एवढं माहितीये. माझी खरी काळजी आपल्या पावसाची आहे हो, पाणी न साचणारी जमीन हवी असते याला आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर माती चिंबच असते. ऑक्टोबरमध्ये पेरून फुलं घेतली तर पुढच्या पावसाळ्यात झाड टिकतं का, की दरवर्षी नवीन बीच टाकायचं? दमट हवेत पानांवर भुरी (पांढरी बुरशी) येते का? फवारणी मला अजिबात करायची नाहीये, अळ्या मरतील.

ठाणे, नवी मुंबईत कोणी लावलाय का? नसेल जमत तर त्याच कुळातली जमैकन स्पाइक लावू का? ओवळ्याच्या फुलपाखरू बागेच्या आसपास राहणाऱ्यांनी प्लीज सांगा, तुमच्याकडे कुठल्या फुलांवर जास्त गर्दी असते?