अनुभव धागा : चर्च, कॉलेज आणि परीक्षा, ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी वेळ कसा लावावा?

धागाकर्ता

दरवर्षी जून उजाडला की तेच प्रश्न येतात. कॉयर (चर्चचा गायनवृंद) सोडू का? पेपर रविवारी आला तर? हॉस्टेलवर प्रार्थना कधी करायची? म्हणून सगळं एका जागी. अट एवढीच की आपबिती नको आणि 'प्रभूवर भार टाक, होईल सगळं' असंही नको. काय चालतं, किती मिनिटांत चालतं आणि कुठे फिसकटतं ते लिहा.

पहिला हिशेब माझा. उपासना दीड तासाची असते, रविवार मात्र सहा तासांचा जातो. आठला कॉयरचा सराव, नऊ ते साडेदहा उपासना, मग सूचना, चहा, पटांगणात गप्पा, अकराला म्हणून ठरलेली आणि साडेअकराला सुरू झालेली तरुण संघाची सभा, जाऊन-येऊन एक तास. घरी पोचेपर्यंत एक-दीड, जेवून डोळा लागला की थेट चार. आईवडिलांना वाटतं चर्चमुळे अभ्यास बुडतो. बुडतो तो पटांगणात.

सलग चार रविवार घरातून निघाल्याची आणि परत आल्याची वेळ वहीत लिहा. काय ठेवायचं, काय सोडायचं ते त्यानंतर ठरवा. बहुतेकांना उपासनेला हात न लावता दोन तास सापडतात.

वसईची धर्मशिक्षिका

आमच्याकडे (कॅथलिक) खरी गाठ पडते प्रायश्चित्तकाळाशी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाशी. बारावीची लेखी परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते, पाठोपाठ दहावी. या काळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, २०२६ मध्ये १८ फेब्रुवारीला होता. २०२७ मध्ये तो १० फेब्रुवारीला आहे (ईस्टर २८ मार्च) आणि २०२८ मध्ये १ मार्चला (ईस्टर १६ एप्रिल). चर्चच्या तारखा वर्षानुवर्षं आधी ठाऊक असतात, बोर्डाच्या काही महिने आधी कळतात. तेव्हा जूनमध्येच भिंतीवरच्या कॅलेंडरवर चर्चच्या तारखा पेनाने लिहा, परीक्षेच्या अंदाजे तारखा पेन्सिलीने. टाइमटेबल आलं की पेन्सिल खोडायची.

उपवासाबद्दल घरोघरी गोंधळ असतो. नियम असा: मांसवर्ज्य वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून, उपवास १८ पूर्ण झाल्यापासून. उपवासाचे सक्तीचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्यातही एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडं खाणं चालतं. म्हणजे दहावीतल्या पंधरा वर्षांच्या मुलीने मटण-मासळीतलं मटण सोडलं की झालं, मासळीला बंदी नाही. उपाशीपोटी पेपरला जायला चर्चने तिला सांगितलेलं नाही. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला तीन तास उभं राहून चक्कर येणारी मुलं बहुधा अशीच आलेली असतात.

ख्रिस्तशरीर (कम्युनियन, उपासनेतली आशीर्वादित भाकर) घेण्याआधीचा उपवासही एक तासाचाच, आणि तो कम्युनियनच्या आधी मोजायचा, मिस्सा (कॅथलिक उपासना) सुरू होण्याच्या नव्हे. पाणी आणि औषध त्यात धरत नाहीत. सातच्या मिस्सेत कम्युनियन पावणेआठच्या आसपास येतं, म्हणजे साडेसहापर्यंत चहा-केळं खुशाल.

क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या चौदा टप्प्यांची शुक्रवारची प्रार्थना) चर्चमध्ये पाऊण तास, वर येणं-जाणं. परीक्षेच्या शुक्रवारी चौदा स्थानकं घरीच केली तर वीस मिनिटांत होतात.

रविवारच्या पेपरबद्दल

नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) गेली काही वर्षं मेच्या पहिल्या रविवारी असते. पेपर दुपारी दोनला, गेट दीडला बंद. एमपीएससी आणि यूपीएससीची पूर्वपरीक्षाही बहुधा रविवारीच.

कॅथलिकांना वाट सरळ आहे. शनिवारच्या संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते. बाकीच्यांनी सकाळी लवकरची उपासना असेल तर ती गाठावी, नसेल तर घरी पंधरा मिनिटांची कुटुंब प्रार्थना करून निघावं. हमखास गडबड होते ती 'उपासना करून थेट सेंटरवर' या बेताने. साडेदहाला आशीर्वाद, मग सगळी मंडळी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार, मग रिक्षा. ही प्रार्थना आदल्या रविवारी करून घ्या, तेवढीच पोचते.

आणखी एक. नीटला अंगावर धातूची वस्तू चालत नाही. गळ्यातला क्रूस, जपमाळेची अंगठी घरी ठेवा. गेटवर काढायला लावली की ती कुणाकडे द्यायची या विचारात पोरं पेपरआधीच हलतात.

पेटीवाला, नगर

कॉयर सोडू नका, कॉयर लावायची रीत बदला. चूक बहुतेक वेळा आमची, म्हणजे शिकवणाऱ्यांची असते. सराव दोन तासांचा, त्यात पहिली चाळीस मिनिटं 'अजून टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) यायचेत' म्हणून बसून. दोन जण असले तरी ठरल्या वेळी पेटी वाजवायची. तिसऱ्या आठवड्यापासून सगळे वेळेवर येतात.

नाताळची गाणी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सुरू होतात आणि इंजिनिअरिंगची सबमिशनं, ओरल, एंड-सेम याच सुमारास. त्यावर उपाय:

प्रत्येक आवाजात किमान तीन जण ठेवा, म्हणजे एक परीक्षेला गेला तरी गाणं पडत नाही. दोन असतील तर एकाच्या गैरहजेरीत दुसरा घाबरून सोप्रानोच्या (बायकांच्या वरच्या आवाजाच्या) सुरात जातो.

प्रत्येक आवाजाची चाल वेगळी मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. एसटीत चार दिवस ऐकली की बसते. मग एकत्र सराव फक्त आवाज मिळवायला, पन्नास मिनिटांचा.

दहावी-बारावीच्या मुलांना नाटिकेत योसेफ-मरीया करू नका. निवेदन द्या, कागद हातात धरून वाचता येतं. पाठांतर नाही, तालमी दोन पुरतात.

गीतफेरी हा खरा वेळखाऊ प्रकार. घरोघर जायचं, प्रत्येक घरी तीन गाणी, प्रार्थना, करंजी आणि चहा, म्हणजे एका घराला पंचवीस मिनिटं. रात्री नऊला निघालं तर दहा घरांना एक वाजतो. पुढचा दिवस गेला तो वेगळाच, घसा तर आठवडाभर. विद्यार्थ्याने तीन रात्री निवडाव्यात, आपल्या वाड्याच्या जवळच्या, आणि अकराला परतावं. हे आधी सांगा. मधूनच निघालात की लोक नावं ठेवतात.

नाही म्हणायचं तेव्हा 'बघतो' म्हणू नका. 'बघतो' म्हणजे आमच्या भाषेत 'येतो'. '१८ मार्चनंतर येतो' असं तारखेसकट सांगा. पेटीवाल्याला राग येत नाही, त्याला माणूस मोजायचा असतो.

रूम नंबर बारा

हॉस्टेलवर तिघांच्या खोलीत मननाला पंधरा मिनिटंच धरा. एक स्तोत्र, एक अध्याय, उरलेली मिनिटं प्रार्थना. तास धरलात तर आठवड्यात तीनदा होतं, पंधरा धरलीत तर रोज. दिवा लावून इतरांची झोप मोडू नका, मेसच्या पायऱ्या किंवा गच्ची बघा. छापील पुस्तक वापरा. मोबाइलवर वचन उघडलं की वरून ग्रुपचा मेसेज उतरतो आणि पंधरापैकी नऊ मिनिटं तिथे जातात.

वाचनाचा बेत आकड्यांत बसवा. नव्या करारात २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचला तर बरोबर ५२ आठवड्यांत संपतो, शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला. सगळं शास्त्र (प्रोटेस्टंट, १,१८९ अध्याय) वर्षात करायचं तर रोज तीन आणि रविवारी पाच. हे कॉलेजच्या पहिल्या वर्षी झेपतं, बारावीला नाही. १ जानेवारीला उत्पत्तीपासून निघालेली गाडी फेब्रुवारीत लेवीयात (बायबलच्या तिसऱ्या, नियमांच्या पुस्तकात) रुतते हे सगळ्यांना माहीत आहे, तरी दरवर्षी तिथूनच निघतात! नीतिसूत्रांचे अध्याय ३१, तारखेप्रमाणे रोज एक. परीक्षेच्या महिन्याला हे सगळ्यात सोपं, कुठवर आलो ते शोधावं लागत नाही. स्तोत्र ११९ एका बैठकीत घेऊ नका, १७६ ओव्या आहेत. आठ-आठचे २२ तुकडे मुळातच पाडलेले आहेत.

नर्सिंग, तिसरं वर्ष

आमचा रविवार ड्युटी चार्ट ठरवतो. चार्ट लागला की त्याच दिवशी बदली मागा, शनिवारी मागितलेली मिळत नाही. सगळ्यांत चालणारा सौदा म्हणजे दिवाळीत मी, नाताळात तू. पण तो ऑक्टोबरमध्येच वॉर्ड सिस्टरसमोर लेखी करा. तोंडी ठरलेलं २३ डिसेंबरला कुणालाच आठवत नाही. नाइट करून थेट नऊच्या उपासनेला जाऊ नका, उपदेशात झोप लागते आणि दुपारची झोपही जाते. आधी पाच तास झोपा, मग संध्याकाळची उपासना.

शब्बाथ पाळणारे, पुणे

आमचा शब्बाथ (विश्रांतीचा, उपासनेचा दिवस) शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. पुण्यात सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास आणि जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास, त्यामुळे हिवाळ्यात शुक्रवारचे तास लवकर संपतात. जर्नल, इस्त्री, शनिवारचं जेवण, सगळं शुक्रवारी चारच्या आत.

बोर्डाचा किंवा विद्यापीठाचा शनिवारचा लेखी पेपर विद्यार्थ्याच्या अर्जावर हलेल असं धरून चालू नका. हलू शकतं ते कॉलेजच्या हातातलं: ओरल, अंतर्गत चाचणी, प्रॅक्टिकलची बॅच. सत्राच्या पहिल्या आठवड्यात पाळकांचं पत्र जोडून विभागप्रमुखांकडे अर्ज द्या आणि 'सुट्टी द्या' असं न लिहिता 'मंगळवारची बॅच द्या' असं लिहा. टाइमटेबल नोटीस बोर्डावर लागल्यावर कुणी ऐकत नाही.

शब्बाथ शाळेतून

शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गांत, शिकवणाऱ्या कॉलेजकुमारांसाठी दोन ओळी. एका वर्गाला दोन शिक्षक ठेवा, म्हणजे एकाआड एक रविवार. धड्याची तयारी गुरुवारी चाळीस मिनिटं. शनिवारी रात्रीवर टाकली तर तक्ते कापण्यातच दोन तास जातात.

एका गावचा पाळक

पोरांनो, टाइमटेबल आलं की मला पाठवा. मे महिन्याचं शिबिर, तरुण संघाची वार्षिक सभा, रविवारची वाचनं, सगळं त्यावर लावता येतं. शनिवारी रात्री दहाला 'उद्या जमणार नाही' कळलं तर वाचायला शेवटी माझी बायकोच उभी राहते. फोटो वैयक्तिक पाठवा, मंडळीच्या ग्रुपवर नको, आणि हॉल तिकिटाचा तर नकोच. त्यावर सीट नंबर असतो, मग निकालाच्या दिवशी तुमच्याआधी तो सगळ्या मावश्यांना कळतो.