किलरॉय नक्की कोणाचा?

चुनखडी: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक जातील तिथे एक चित्र काढायचे, भिंतीमागून डोकावणारं टकलं डोकं, भिंतीवरून खाली लोंबणारं लांब नाक, दोन्हीकडे बोटं आणि खाली 'किलरॉय वॉज हिअर', म्हणजे किलरॉय इथे येऊन गेला. हा किलरॉय म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावच्या फोर रिव्हर शिपयार्डातला तपासनीस जेम्स किलरॉय, असं सगळीकडे ठोकून सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. १९४६ ला अमेरिकन ट्रान्झिट असोसिएशनने स्पर्धा ठेवली, खरा किलरॉय कोण ते सिद्ध करा आणि खरीखुरी ट्राम बक्षीस घेऊन जा. चाळीसेक जण पुढे आले, त्यात याची गोष्ट सगळ्यात पटण्यासारखी होती म्हणून हा जिंकला. पण स्पर्धेचा निकाल म्हणजे इतिहास कसा काय होतो?

रातपाळी: निकाल सोडा, त्याने काय सांगितलं ते तरी बघा. जहाजाचे पत्रे जोडणारे रिव्हेट, म्हणजे जाड लोखंडी खिळे, ठोकणाऱ्यांना नगावर पैसे मिळायचे. तपासनीस मोजून खडूने खूण करायचा, तो गेला की काहीजण ती पुसायचे, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस तेच रिव्हेट परत मोजणार आणि पैसे डबल. म्हणून याने खुणेसोबत पिवळ्या खडूने अख्खं वाक्य लिहायला सुरुवात केली. एरवी रंगाखाली सगळं झाकलं जायचं पण युद्धाच्या घाईत जहाजं तशीच बाहेर पडायला लागली, आणि जिथे माणूस शिरणं मुश्किल अशा बंद जागीसुद्धा सैनिकांना ते नाव दिसायचं. शिपयार्डातले अधिकारी आणि रिव्हेटवाले त्याच्या बाजूने साक्षीला आले होते. एका कामगाराच्या रोजच्या कामातून हे निघालं, त्याचं श्रेय काढून घ्यायची एवढी घाई का?

सायंतारा: दोघंही फक्त अमेरिकेचं बोलताय. तो चेहरा ब्रिटनमध्ये 'मिस्टर चॅड' म्हणून फिरत होता आणि त्याच्या तोंडी होतं 'व्हॉट, नो शुगर?' तिथे जानेवारी १९४० मध्ये साखर, लोणी, बेकन रेशनवर गेलं, मग चहा पण, आणि जे मिळत नसेल ते नाव शुगरच्या जागी घालून लोक भिंतीवर लिहायचे. चॅड बहुतेक जण जॉर्ज चॅटर्टन या व्यंगचित्रकाराचा मानतात, काही म्हणतात विजेच्या सर्किटच्या आकृतीवरून आला. ऑस्ट्रेलियन लोकांचा 'फू' नावाचा असाच भिंतीवरचा डोकावणारा गडी आणखी वेगळा. माझ्या मते वाक्य अमेरिकन, चेहरा ब्रिटिश, आणि अमेरिकन फौजा ब्रिटनमध्ये येऊन राहिल्या तेव्हा दोन्ही चिकटले.

चुनखडी: सायंताराताई, मी हेच म्हणतोय, मग एकाच माणसाला जनक म्हणण्यात काय अर्थ उरला?

दगडीपाटी: मला तर जनक कोण यापेक्षा हे एवढं पसरलं का ते महत्त्वाचं वाटतं. १९४५ ला बर्लिनच्या राइशस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवर, रशियन सैनिकांनी काय लिहिलं बघा, स्वतःची नावं, आपलं गाव, कुठून कुठवर आलो ते. जर्मनांनी त्यातलं काही आजही जपलंय. ती माणसं खरोखर तिथे होती, ते वाचताना पोटात कालवतं. किलरॉय मात्र कोणाचंच नाव नाही, म्हणून कोणीही लिहू शकत होता.

रातपाळी: कोणाचंच नाही कसं? वॉशिंग्टनच्या महायुद्ध स्मारकात २००४ पासून तो चेहरा दगडात दोन ठिकाणी कोरलेला आहे आणि खाली तेच आडनाव आहे.

दगडीपाटी: आडनाव आहे हो, पण लिहिणारा तो नव्हता ना. बॉम्ब पडत असताना अनोळखी गावात शिरलेल्या पोराला भिंतीवर आपलाच कोणीतरी आधी येऊन गेलाय हे दिसलं की धीर यायचा, मला वाटतं म्हणून त्याने पुढच्या भिंतीवर तेच लिहिलं. पॉट्सडॅमला दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांच्या बैठकीत स्टॅलिनने बाथरूममधून बाहेर येऊन किलरॉय कोण असं विचारलं वगैरे किस्से पण यातूनच तयार झाले, त्यांना आधार काही नाही.

चुनखडी: आणि ट्रामसाठी कोणीही गोष्ट रचेल, हा माझा मुद्दा आहेच.

रातपाळी: नऊ मुलं होती त्या माणसाला! ट्राम अंगणात ठेवून पोरांना झोपायला जागा करायची होती. गरज होती म्हणून तो खोटारडा ठरत नाही.

चुनखडी: गरज खरी होती हे कबूल, त्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण गरज म्हणजे पुरावा नव्हे, आणि लांब नाकाचं चित्र आपण काढलं असं त्याच्या गोष्टीत कुठेच येत नाही. जगाने लक्षात ठेवलं ते चित्र, त्याचं काय?