अवयव एकही माहीत नाही, मग संख्या संयुक्त आहे हे कळलं कसं?

पाटीपेन्सिल: मर्सेन संख्यांबद्दल (२ च्या घातातून १ वजा केलेल्या संख्या) वाचत होते, त्यातली एक गोष्ट डोक्यातून जाईना. २ चा १२७७ वा घात घ्यायचा आणि १ वजा करायचा, ३८५ अंकी संख्या येते. ती मूळ नाही हे पक्कं सिद्ध झालंय, पण तिला कशाने भाग जातो ते अजून कुणालाच सापडलेलं नाही! आपण तर शाळेपासून भाग जाणारी संख्या दाखवली की मगच संयुक्त म्हणतो. मग हे कसं काय? प्लीज कुणीतरी सोपं करून सांगा, मी कॉमर्सवाली आहे.

बाकी_शून्य: आधी छोटं उदाहरण घ्या. फर्माचा नियम असा की विषम मूळ संख्या घ्या, तिच्याहून एकने कमी एवढा २ चा घात करा, त्याला त्या संख्येने भागा, बाकी १ च उरते. ७ घेतली तर २ चा सहावा घात ६४, बाकी १. आता १५ घ्या, २ चा १४ वा घात १६३८४, १५ ने भागलं तर बाकी ४. झालं, १५ मूळ असूच शकत नाही, आणि यात ३ किंवा ५ चं नावसुद्धा आलं नाही. उलट मात्र धरू नका, ३४१ ची बाकी १ येते तरी ती ११ गुणिले ३१ आहे.

घातांक: बरोबर, पण मर्सेन संख्यांना २ घेऊन ही टेस्ट लावली तर घातांक मूळ असताना बाकी कायम १ च येते, त्यामुळे काहीच कळत नाही. तिथे लुकास-लेमर टेस्ट लागते आणि ती खरंच सुंदर आहे. ४ पासून सुरू करा, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, परत तेच. घातांकापेक्षा दोनने कमी वेळा केल्यावर बाकी ० आली तर मूळ, नाहीतर संयुक्त. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७ घ्या: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. नऊ पायऱ्या झाल्या, शून्य नाही, संयुक्त. १२७७ साठी अशा १२७५ पायऱ्या, साध्या लॅपटॉपवर क्षणात होतात.

हे जुनंच आहे. मर्सेन या फ्रेंच गणितज्ञाने १६४४ मध्ये ६७ घातांकाची संख्या मूळ म्हणून यादीत घातली होती, लुकासने १८७६ मध्ये ती संयुक्त ठरवली पण अवयव नव्हता. तो १९०३ मध्ये कोल यांनी न्यूयॉर्कला मांडला: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. मधली सत्तावीस वर्षं नुसतं ‘संयुक्त’ एवढंच माहीत होतं!

पाटीपेन्सिल: ओके हे कळलं, मस्तच. पण मग कॉम्प्युटरला अवयव का सापडत नाही, एवढं काय त्यात?

घातांक: कारण मूळ आहे का हे ठरवणं आणि फोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, पहिलं सोपं निघालं (२००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल, सक्सेना यांनी तर कुठल्याही संख्येसाठी वेगवान आणि खात्रीची रीत दिली), दुसऱ्याची तशी रीत नेहमीच्या कॉम्प्युटरसाठी अजून मिळालेली नाही. आरएसए एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती गुप्त ठेवायची एक पद्धत, याच्याच जिवावर उभं आहे. १०६१ घातांकाची ३२० अंकी संख्या फोडायला २०१२ उजाडलं. १२७७ मध्ये एक मदत आहे, अवयव असेल तो २५५४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असणार, म्हणजे दुप्पट घातांकाची पट अधिक १. पण दोनच अवयव असले आणि दोन्ही दोनशेएक अंकी निघाले तर एवढी चाळणी काहीच नाही हो.

पाटीपेन्सिल: ही पटीची युक्ती २३ घातांकाला लावून बघितली! संख्या ८३८८६०७, अवयव ४६ च्या पटीत १ मिळवून. पहिलाच ४७, आणि भाग गेला, १७८४८१ आलं. तेही ४६ गुणिले ३८८० अधिक १ निघालं. आता २९ घेते, तिथे ५८ ची पट ना?

बाकी_शून्य: हो ५८. ५९ ने जाणार नाही, पुढे जात रहा, २३३ पर्यंत पोचलात की सांगा.