अमेरिकेत जुनी गाडी दान केलीत का? अनुभव लिहा

थँक्सगिव्हिंग उलटलं की इथल्या रेडिओवर जुन्या गाड्या मागणाऱ्या जाहिराती जोरात सुरू होतात. गाडी ३१ डिसेंबरच्या आत द्या, टो ट्रक आम्ही पाठवू, करात सूट मिळवा. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या ड्राइव्हवेत अशी एक गाडी असतेच: विद्यार्थी असताना घेतलेली कोरोला, मुलगी कॉलेजला गेल्यावर पडून राहिलेली सिव्हिक. विकायला काढली तर अनोळखी लोकांचे फोन आणि घासाघीस. दान करावी तर ती कुणाच्या हाती पडते आणि सूट नेमकी किती मिळते, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. ज्यांनी गाडी दिली आहे, किंवा द्यायचं ठरवून शेवटी दुसरं काही केलं, त्यांनी इथे लिहावं. आकडे देता आले तर जरूर द्या, कारण नव्याने विचार करणाऱ्याला त्यांचाच उपयोग होतो. सुरुवात मी करते.

एडिसन, न्यू जर्सी

आमची २००८ ची होंडा ओडिसी सप्टेंबर २०२५ मध्ये दिली. ट्रान्समिशन गेलं होतं आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जात होता. सॉकरच्या प्रॅक्टिसपासून गणपतीच्या मखरापर्यंत सगळं तिनं वाहिलं, त्यामुळे भंगारात घालवेना. एका मोठ्या संस्थेला फोन केला. फोन घेतला तो संस्थेच्या वतीने गाड्या गोळा करणाऱ्या कंपनीने. गाडी लिलावात गेली आणि पुढे टपालाने फॉर्म १०९८-सी (गाडीच्या दानाचा करासाठीचा दाखला) आला. त्यातल्या ४सी या चौकटीत आकडा होता ८५० डॉलर. केली ब्लू बुकात (जुन्या गाड्यांच्या किमतींच्या सूचीत) हीच गाडी चालू अवस्थेत अडीच-तीन हजारांची दिसत होती.

संस्थेने गाडी जशीच्या तशी विकली, तर विक्रीतून आले तेवढ्याच पैशांची वजावट मिळते. २००४ च्या अमेरिकन जॉब्स क्रिएशन ॲक्टने हा नियम आणला आणि १ जानेवारी २००५ पासून तो लागू आहे. त्याआधी लोक ब्लू बुकातला आकडा उचलून रिटर्नमध्ये लिहायचे, मग गाडी प्रत्यक्षात कितीलाही जावो. मला हा बदल पूर्णपणे पटतो. संस्थेच्या हाती आठशे पडले असतील तर मी सरकारकडे तीन हजारांची सूट मागणं बरोबर नाही. गाडी ५०० किंवा त्याहून कमी डॉलरला विकली गेली, तर मात्र ५०० डॉलर आणि गाडीची रास्त बाजारकिंमत यांतला लहान आकडा घेता येतो.

८५० डॉलरची वजावट म्हणजे ८५० डॉलर हातात येत नाहीत. आमचा कराचा टप्पा २२ टक्क्यांचा, म्हणजे वाचले १८७. तेही आयटमाइज करणाऱ्यालाच, म्हणजे प्रत्येक वजावट वेगळी मांडणाऱ्याला. त्याऐवजी सरसकट मिळणारी वजावट म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन; २०२५ साठी जोडप्याचं ते ३१,५०० डॉलर आहे, एकट्या माणसाचं १५,७५०. राज्याच्या आणि घराच्या करांची वजावट २०१८ पासून १०,००० वर अडकवलेली होती, त्यामुळे घर असूनही आम्ही स्टँडर्डच घ्यायचो. २०२५ साठी ती मर्यादा ४०,००० झाली आहे (उत्पन्न पाच लाखांच्या वर गेलं की ती पुन्हा खाली येते). न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स, राज्याचा इन्कम टॅक्स आणि मॉर्गेजचं व्याज धरून आम्ही यंदा ३१,५०० च्या पुढे जातोय. आमच्यासारखी परिस्थिती कॅलिफोर्नियात किंवा न्यूयॉर्कमध्येही अनेकांची असेल, तर मागच्या वर्षीच्या हिशेबावर विसंबू नका, पुन्हा करून बघा.

गाडी नेण्याआधी नंबर प्लेट काढून घ्या. आमच्याकडे त्या मोटर व्हेइकल कमिशनला परत कराव्या लागतात. काचेवरचा ईझी-पासही (टोलचा टॅग) काढा.

सनीव्हेल, कॅलिफोर्निया

ताई, आमच्याकडे प्लेटचं उलट आहे. साधी प्लेट गाडीबरोबरच जाते. म्हणून इथे सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे डीएमव्हीला (राज्याच्या वाहन खात्याला) पाठवायची नोटीस ऑफ ट्रान्सफर अँड रिलीज ऑफ लायबिलिटी. गाडी दिल्यापासून पाच दिवसांच्या आत ती ऑनलाइन भरायची. ती भरली नाही आणि पुढच्या माणसाने पुलाचा टोल बुडवला किंवा गाडी भलतीकडे पार्क केली, तर पत्र तुमच्या घरी येतं. टो ट्रकवाला 'संस्था करेल सगळं' म्हणाला तरी हे काम आपणच करायचं.

आम्ही कायमचे पुण्याला परतत होतो तेव्हा गाडी दिली. नवरा नोकरीसाठी आधीच गेला होता, मी मुलांची शाळा संपेपर्यंत मागे राहिले होते. टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) आमच्या दोघांच्या नावांमध्ये 'अँड' होतं. 'ऑर' असतं तर माझ्या एकटीच्या सहीने भागलं असतं; 'अँड' असलं की दोघांच्या सह्या लागतात. शेवटी डीएमव्हीच्या पॉवर ऑफ अटर्नीच्या फॉर्मवर त्याने पुण्यात सही केली आणि मूळ कागद कुरिअरने आला, तोवर माझा जीव टांगणीला. परतीचा विचार असलेल्यांनी आजच कपाटातून टायटल काढून दोन नावांच्या मध्ये काय छापलंय ते वाचावं. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं नाव टायटलवरून निघालंय का, हेही त्याच वेळी बघून घ्या.

करात आम्हाला काही मिळालं नाही, भाड्याच्या घरात राहत होतो, आयटमाइज करण्याइतकं काही नव्हतंच. तरी आमच्या सार्वजनिक रेडिओ केंद्राला गाडी दिल्याचं समाधान आहे. इतकी वर्षं ऑफिसला जाता-येता तेच ऐकलं होतं.

बॉल्टिमोरच्या बाहेर, मेरीलँड

मी सत्तरीचा आहे, टायपिंगला वेळ लागतो, पण या विषयावर लिहायलाच हवं असं वाटलं.

आमच्या हिच्या डोळ्यांचा त्रास वाढला आणि तिने गाडी चालवणं थांबवलं. तिची २०१२ ची कॅमरी उत्तम स्थितीत होती. मुलगा म्हणाला, बाबा, विकून टाका. हिचं म्हणणं वेगळं होतं: ज्याला कामावर जायला गाडी नाही अशा कुणाच्या दारात ती उभी राहिली पाहिजे. ही चाळीस वर्षांपूर्वी इथल्या एका हॉस्पिटलात रात्रपाळी करायची आणि पहाटे बसची वाट बघत थंडीत उभी राहायची. आमची पहिली गाडी आली तेव्हा काय बदललं, ते तिला पक्कं ठाऊक आहे.

आमच्या भागात व्हेइकल्स फॉर चेंज नावाची संस्था १९९९ पासून हेच काम करते. दान आलेल्या गाड्या तपासायच्या, दुरुस्त करायच्या आणि कमी उत्पन्नाच्या नोकरदार कुटुंबांना अगदी थोड्या किमतीत द्यायच्या. तुरुंगातून सुटून आलेल्या लोकांना मेकॅनिकचं काम शिकवण्याचा उपक्रमही त्यांच्या गॅरेजमध्ये चालतो. सगळ्याच गाड्या कुटुंबांना जात नाहीत, काही विकून त्या पैशावर हे काम चालतं. आपली गाडी कुठल्या वाटेने जाणार ते तपासणीनंतर ठरतं. व्हर्मांटमध्ये गुड न्यूज गॅरेज अशाच प्रकारे गाड्या देते, ती तर १९९६ ची.

आता कराचं. वर ताईंनी सांगितलेल्या नियमाला कायद्यातच अपवाद आहेत. संस्थेने गाडी गरजू माणसाला बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त किंवा फुकट दिली, आणि ते तिच्या सेवाकार्यातच बसत असेल, तर विक्रीची रक्कम न धरता गाडीच्या पूर्ण बाजारकिमतीची वजावट मिळते. संस्था १०९८-सीच्या ५बी चौकटीत तसं प्रमाणित करते. आमच्या फॉर्मवर ५बी होतं. बाजारकिंमत म्हणजे एका सामान्य माणसाने दुसऱ्याला विकताना येते ती, डीलर शोरूममध्ये लावतो ती नव्हे. आमच्या कॅमरीची ती पाच हजारांच्या थोडी आत होती. दावा पाच हजारांच्या वर गेला असता तर लेखी मूल्यांकन करून घ्यावं लागलं असतं.

तीच गाडी लिलावात गेली असती तर निम्मीसुद्धा किंमत आली नसती. म्हणजे गाडी गरजूला मिळाली आणि आमची वजावटही वाढली. दानाच्या पाकिटावर पत्ता लिहायच्या आधी एवढी चौकशी प्रत्येकाने करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या गावाजवळ अशी संस्था आहे का, हे विचारायला एक फोन पुरतो.

गाडी कुणाला गेली ते आम्ही विचारलं नाही. हिला तेवढं पुरे होतं.

टेंपी, ॲरिझोना

काका, नमस्कार. तुमचं वाचून आईला फोन केला.

मी विद्यार्थी आहे, एफ-१ व्हिसावर. पास होऊन दुसऱ्या राज्यात नोकरीला चाललोय, जुनी निसान आहे. 'दान कर, टॅक्स वाचेल' असं रूममेट म्हणाला म्हणून विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसच्या टॅक्स वर्कशॉपमध्ये विचारलं. आम्ही १०४०-एनआर (अनिवासींचं टॅक्स रिटर्न) भरतो. इतर देशांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना त्यावर स्टँडर्ड डिडक्शन नसतं, पण भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना ते मिळतं. ते घेतलं की दानाची वेगळी वजावट घ्यायचा प्रश्नच राहत नाही, आणि माझ्यासारख्या टीएच्या (टीचिंग असिस्टंटच्या) पगारावर स्टँडर्डच कितीतरी मोठं.

मग मी गाडी नवीन आलेल्या नागपूरच्या एका मुलाला दिली, मला एका सीनियरने दिली होती तेवढ्याच पैशांत. त्याला रात्री लॅबमधून परतायला काही साधन नव्हतं. व्यक्तीला दिलेल्या गोष्टीची करात सूट नसते, हे मला माहीत आहे. ती नको होती.

शिकागोचं उपनगर, इलिनॉय

दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल लायब्ररीत लोकांची रिटर्न्स फुकट भरून द्यायला बसते, त्यामुळे हे कागद डोळ्यांखालून जातात.

संस्थेचं नाव आयआरएसच्या (केंद्रीय कर खात्याच्या) टॅक्स एक्झेम्प्ट ऑर्गनायझेशन सर्चमध्ये टाकून बघा. जाहिरातीतलं नाव आणि नोंदणीतलं नाव वेगळं असू शकतं, तेव्हा फोनवर नोंदणीचं नाव आणि ईआयएन (संस्थेचा कर क्रमांक) मागून घ्या. मध्यस्थ कंपनी असेल तर विक्रीतला किती हिस्सा संस्थेला जातो हे विचारा. चांगल्या संस्था उत्तर देतात. टायटलवर घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी सोडून सही करू नका, तिथे संस्थेचं नावच हवं.

वजावट ५०० डॉलरच्या वर असेल तर १०९८-सीची प्रत रिटर्नला जोडावी लागते, शिवाय फॉर्म ८२८३ (वस्तूरूपी दानाचा). काकांनी एक अपवाद सांगितला, आणखी दोन आहेत. संस्थेने गाडी स्वतःच्या कामासाठी भरपूर वापरली, उदाहरणार्थ वर्षभर रोज गरजूंना जेवण पोहोचवायला, तर पूर्ण किंमत धरता येते. चार-दोन फेऱ्या मारून विकली तर नाही. दुसरा म्हणजे गाडीची किंमत खरोखर वाढेल अशी मोठी दुरुस्ती. धुणं, रंग देणं, पोचे काढणं त्यात बसत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. २०२६ पासून आयटमाइज करणाऱ्यांच्या दानातून एजीआयच्या (समायोजित एकूण उत्पन्नाच्या) अर्धा टक्का रक्कम आधी वजा होते. दोन लाख उत्पन्न असेल तर पहिल्या हजार डॉलरच्या दानाला सूट नाही. जुन्या गाडीची रक्कम बहुधा तेवढीच असते! वर्षभरात दुसरं दान फारसं नसेल आणि २०२५ साठी आयटमाइज करणारच असाल, तर गाडी ३१ डिसेंबर २०२५ च्या आत देणं शहाणपणाचं. स्टँडर्ड घेणाऱ्यांनाही २०२६ पासून एकट्याला १,०००, जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत दानाची सूट मिळते, पण ती फक्त रोख दानाला. गाडी त्यात येत नाही.

पुणे

वाचतेय, छान माहिती. इथल्यांसाठी सांगते: आपल्याकडे ८०जी ची (आयकरातली दानाची) वजावट फक्त पैशाच्या दानाला आहे. वस्तू दिली तर नाही, म्हणजे गाडीलाही नाही. आम्ही आमची मारुती इको एका आश्रमशाळेला दिली ती आजारी मुलांना तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला. आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी शाळेच्या ट्रस्टच्या नावावर करून दिलं आणि विमाही बदलून घेतला. हे होईपर्यंत चावी देऊ नये, उद्या अपघात झाला तर मूळ मालक अडकतो.

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

एक शंका. आमच्या गाडीला ३० डिसेंबरची टो ट्रकची वेळ मिळाली आहे. लिलाव जानेवारीत होईल. मग वजावट कुठल्या वर्षाची?

एडिसन, न्यू जर्सी

गाडी संस्थेच्या किंवा त्यांच्या एजंटच्या ताब्यात ज्या दिवशी गेली तो दिवस धरतात, तेव्हा २०२५ चीच. टो ट्रकवाल्याकडून तारीख घातलेली पावती घ्या. १०९८-सी विक्रीनंतर ३० दिवसांत यायला हवा, त्यासाठी थांबा. १५ एप्रिलपर्यंत आला नाही तर फॉर्म ४८६८ भरून ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढवता येते. मात्र ३० ला बर्फ पडून ट्रक आलाच नाही तर वर्ष हुकेल. त्यांना आजच फोन करून आधीच्या आठवड्यातली वेळ मागा.