कविता गडग्यासारखी, म्हणजे दगडी कुंपणासारखी, लावावी लागते. पटतं का?

मळेवाट: परवा मालगुंडला केशवसुत स्मारक बघायला गेलो होतो. बाहेर दोन पोरं वाद घालत होती. एक म्हणाला, "कविता सुचते रे, करता येत नाही." मला नाही पटलं. आमच्या परड्याचा गडगा मे महिन्यात नव्याने लावून घेतला. गडी दगड उचलायचा, हातात फिरवायचा, बसेना की बाजूला. चुना नाही, सिमेंट नाही, फटीत नुसत्या कपच्या. अभंगाचंही तेच: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांना यमक. शब्द बसेना तर दुसरा उचला. केशवसुतांनी १८९२ मध्ये चौदा ओळींचं सुनीत मराठीत आणलं, ते काय झोपेत?

ओहोटी: शाळेत आम्हीही शार्दूलविक्रीडिताची १९ अक्षरं बोटांवर मोजून ओळी पाडल्या. गण चोख, कविता शून्य. गडगा उभा राहिला की काम झालं. कवितेचं तसं असतं का?

मळेवाट: म्हणजे तुमचा गडगा पहिल्या पावसात कोसळला, एवढंच!

चिरेखाण: माझ्या बापाशीन जल्मभर खाणीत चिरे काढल्यान. तेका कोणी कवी म्हणूक नाय. आता कवी सोताक गवंडी म्हणवतत! शब्द चुकलो तर खोडूक येता, घण चुकलो तर बोट जाता.

मळेवाट: हे मान्य. मी लिहितो ते पंख्याखाली बसून. त्याची बरोबरी नाही सांगत.

उखळमुसळ: गडगे नि खाणी झाल्या, जातं कुणाला आठवलं नाही. आजी नाचणी दळताना ओव्या म्हणायची. अक्षरं कोण मोजतंय? खुंटा ओढताना ओळ लांबायची, मूठ घालायला हात गेला की तुटायची. पुढे गिरणी आली. एकदा तिला खुर्चीत बसवून फोनवर ओवी रेकॉर्ड करायला घेतली, तर दुसरी ओळच आठवेना. शेवटी तिने हवेत हात गोल फिरवला, दोन-तीन फेरे, आणि ओळ आली.

ओहोटी: सुंदर. पण ती आठवली. पहिल्यांदा सुचली कुणाला, कशी?

उखळमुसळ: पायलीभर नाचणी दळून बघा, मग बोलू.

चिरेखाण: मळेवाट, गडग्याची मजुरी किती दिल्यात, ता सांगूक नाय तुमी.