‘बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो का?’ या प्रश्नाचे मराठी भाषांतर कसे करावे?

प्रश्न : माणदेशी

नमस्कार. मी समाजशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. दुष्काळी तालुक्यांतील महिला बचत गट आणि श्रमदानातून झालेली पाणलोटाची कामे टिकण्यात परस्परविश्वासाचा वाटा किती, असा माझा विषय आहे. विश्वास मोजण्यासाठी मी जागतिक मूल्य सर्वेक्षणातला प्रसिद्ध प्रश्न घेतला. हे सर्वेक्षण १९८१ मध्ये सुरू झाले असले, तरी प्रश्न त्याहून जुना आहे; आल्मंड आणि व्हर्बा यांच्या पाच देशांच्या अभ्यासातही (१९६३) तो जवळपास याच रूपात भेटतो. माझे मराठी रूप असे आहे : ‘सर्वसाधारणपणे पाहता बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो असे तुम्हाला वाटते, की लोकांशी वागताना फार जपून राहावे लागते?’

महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या एका परिचित बाईंनी मूळ प्रश्न न पाहता माझ्या मराठीचे पुन्हा इंग्रजी केले, ते मुळाशी जवळजवळ शब्दशः जुळले आणि मार्गदर्शकांनी प्रश्नावलीला मान्यता दिली. पूर्वचाचणीसाठी माण तालुक्यातल्या एका गावात गेले, तेव्हा मात्र पहिल्याच दिवशी मी गोंधळले. एका बचत गटाच्या सचिव असलेल्या ताईंनी क्षणभरही न थांबता ‘जपूनच राहायला लागतं’ असे उत्तर दिले. पुढे बोलताना कळले, की बँकेतून पैसे काढण्याच्या तीन कोऱ्या स्लिपांवर सह्या करून त्यांनी त्या गटाच्या अध्यक्षबाईंकडे ठेवून दिल्या आहेत, कारण दर वेळी तालुक्याला जायचे म्हणजे त्यांची दिवसाची मजुरी बुडते. मी न राहवून विचारले, की मग विश्वास नाही असे कसे म्हणता? त्या म्हणाल्या, ‘लोकांचं विचारलं ना तुम्ही? ही काय लोकं हायत का? ह्या आमच्या बाया.’ शेजारी बसलेल्या आजोबांनी ‘विश्वास पानिपतात गेला’ एवढेच म्हणून विषय संपवला. हे उत्तर कोणत्या रकान्यात नोंदवायचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

उलट भाषांतर जुळले, म्हणजे भाषांतर बरोबर आहे असे मी समजत होते. माझे नक्की कुठे चुकले?

उत्तर : गणनायंत्र

आपले चुकले नाही. आपण जी कसोटी वापरली तिच्याकडून तिच्या कुवतीपेक्षा जास्त अपेक्षा केली गेली. उलट भाषांतराची पद्धत समाजशास्त्रांत रूढ झाली ती मुख्यतः रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखामुळे. त्यांनी ग्वाम विद्यापीठातील ९४ द्विभाषकांकडून दहा भाषांत हे प्रयोग करून घेतले होते. गंमत म्हणजे, ही कसोटी कुठे फसवते हे त्यांनीच त्या लेखात सांगून ठेवले आहे, पण त्यांचे नाव उद्धृत करणारे पुष्कळ जण तेवढा भाग वाचत नाहीत. दोन्ही भाषा जाणणाऱ्यांच्या मनात शब्दांच्या काही जोड्या पक्क्या बसलेल्या असतात, अर्थ सारखा असो वा नसो. शिवाय कुशल भाषांतरकार कच्च्या मजकुरातूनही चांगला अर्थ काढू शकतो, आणि मूळ भाषेची वाक्यरचना जशीच्या तशी उतरवली असेल तर उलट भाषांतर फारच सोपे होते. आपल्या प्रश्नाच्या बाबतीत पहिली गोष्ट घडली. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना ‘बहुतेक लोक’ दिसले, की त्यांच्या हाताने दुसरे काही लिहिलेच जाणार नाही. त्या सचिव ताईंना तो शब्द कसा ऐकू येतो, हे आपल्या आणि त्या इंग्रजीच्या बाईंच्या देवाणघेवाणीत कुठेच येत नाही.

म्हणूनच युरोपीय सामाजिक सर्वेक्षणाने उलट भाषांतराऐवजी जॅनेट हार्कनेस यांनी आखलेली गटपद्धती स्वीकारली. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, दोन्ही मसुदे समोर ठेवून विषयतज्ज्ञासह चर्चा करायची, निर्णय एकाने घ्यायचा, प्रत्यक्ष माणसांवर तपासून पाहायचे आणि कोणता शब्द का सोडला याची नोंद ठेवायची. या नोंदीला आपल्याकडे कोणी किंमत देत नाही, मात्र दोन वर्षांनी परीक्षकाने ‘माणसे’ का आणि ‘लोक’ का नाही असे विचारले, तर तीच वही कामाला येईल.

आपण त्या ताईंना जो प्रतिप्रश्न केला, त्यालाच सर्वेक्षणशास्त्रात बोधनात्मक मुलाखत म्हणतात, आणि तो आपण अनवधानाने अगदी योग्य जागी केलात. आता हेच दहा-बारा जणांबरोबर जाणूनबुजून करा. उत्तर मिळाल्यावर विचारा, की ‘लोक’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोण आले?

उत्तर : शब्दपारखी

मी गेली अनेक वर्षे आरोग्य आणि शिक्षण क्षेत्रातील प्रश्नावल्यांची भाषांतरे करतो, त्यामुळे केवळ शब्दांपुरते लिहितो.

मराठीत ‘लोक’ हा शब्द मोजमापाला तटस्थ नाही. ‘लोक काय म्हणतील’ यातले लोक आपल्याकडे बघत असतात आणि ते आपले नसतात. मुलगी ‘लोकाच्या घरी’ द्यायची असते, वस्तू ‘लोकाची’ असली तर जपून वापरायची असते. याउलट ‘माणसे’ जवळ येतात : घरची माणसे, आपली माणसे, माणसे जोडणे. तेव्हा ‘बहुतेक लोकांवर’ असे विचारताना आपण नकळत ‘बहुतेक परक्यांवर’ असे विचारत आहात, आणि ‘बहुतेक माणसांवर’ असे केल्यास पारडे थोडे दुसरीकडे झुकेल. या दोहोंच्या मधोमध बसणारा शब्द मला अद्याप सापडलेला नाही.

‘जपून’ या शब्दाचीही अडचण आहे. मूळ प्रश्नात विश्वास आणि सावधगिरी ही दोन टोके मानली आहेत. मराठीत जपून राहणे हा शहाणपणा आहे. ‘जपून जा’ हा आपल्याकडे निरोपाचा शब्द आहे. विश्वास ठेवणारी माणसेसुद्धा जपून राहतात, त्यामुळे दुसरा पर्याय निवडणाऱ्याने पहिला नाकारला आहे असे धरता येत नाही. माझ्या मते हा प्रश्न फोडून दोन स्वतंत्र प्रश्न करावेत.

जाता जाता एक. अशा प्रश्नावल्यांत सहमतीच्या पाच पायऱ्या ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ अशा छापलेल्या असतात. बोलताना ‘मी अंशतः असहमत आहे’ असे म्हणणारा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. ‘अगदी खरं’, ‘बऱ्यापैकी खरं’, ‘तितकंसं खरं नाही’, ‘अजिबात खरं नाही’ असे वाचून दाखवले, की उत्तर देणाऱ्याचे अडखळणे निम्म्याने कमी होते. मधली पायरी मी पर्याय म्हणून वाचतच नाही, कोणी आपणहून ‘सांगता येत नाही’ म्हटले तर नोंदवतो.

उत्तर : उभा छेद

वरच्या दोन्ही उत्तरांतले बरेचसे मान्य करूनही मला धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. हा प्रश्न जगभर विचारला जातो, याचे कारण त्याचे उत्तर शेजारी ठेवून पाहता येते. प्रत्येक संशोधकाने आपल्या तालुक्याच्या बोलीप्रमाणे तो बदलला, तर हाती सुंदर मराठी उरेल, पण तुलना उरणार नाही. ‘लोक’ म्हणजे कोण हा घोळ केवळ मराठीचा आहे असेही नाही. डेल्ही, न्यूटन आणि वेल्झेल (पहिले नाव आडनाव आहे, त्याचा राजधानीशी संबंध नाही) यांनी २०११ मध्ये ५१ देशांच्या आकडेवारीवरून दाखवले, की ‘बहुतेक लोक’ या शब्दांची त्रिज्याच देशागणिक वेगळी असते. काही समाजांत उत्तर देणाऱ्याच्या मनात अनोळखी माणसेही येतात, काहींत केवळ ओळखीची. ही त्रिज्या हिशेबात घेतल्यावर चीनसारख्या देशाचा वरचा क्रमांक बराच खाली आला.

त्यांना हे करता आले, कारण जागतिक मूल्य सर्वेक्षणाच्या २००५ पासूनच्या फेरीत जुना प्रश्न तसाच ठेवून त्याला सहा पूरक प्रश्न जोडले गेले : कुटुंबावर, शेजाऱ्यांवर, व्यक्तिशः ओळखीच्या माणसांवर, पहिल्यांदाच भेटलेल्या माणसांवर, अन्य धर्माच्या आणि अन्य राष्ट्रीयत्वाच्या माणसांवर किती विश्वास आहे? तेव्हा माझा सल्ला असा, की मूळ प्रश्न एका अक्षरानेही बदलू नका. त्याच्यापुढे आपले प्रश्न जोडा. सचिव ताई पहिल्याला ‘जपून’ म्हणतील आणि पुढे गटातील बायकांवर ‘पूर्ण विश्वास’ म्हणतील. या दोन उत्तरांतील अंतर हाच आपल्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

आणि प्रश्नावलीत सगळेच इंग्रजीतून आल्यामुळे बिघडते असेही मानू नये. आपली जनगणना कुटुंबाची व्याख्या सामाईक स्वयंपाकघरावरून करते. तिथे ‘एका चुलीवर जेवणारे किती?’ असे विचारले, की तीन भाऊ एका छपराखाली राहत असले तरी चुली तीन असल्याचे पहिल्या झटक्यात कळते. इथे मराठी शब्द मूळ व्याख्येपेक्षाही नेमका आहे.

उत्तर : गणनायंत्र

‘उभा छेद’ यांच्या तुलनेच्या मुद्द्याला एक पुरवणी. तुलना सांभाळायची म्हणून शब्द सांभाळले आणि त्यातून अर्थच निसटला, तर आपण दोन निरनिराळ्या गोष्टींची तुलना करीत राहतो. पुढे गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेमुळे आपल्याकडे परिचित झालेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल नव्वदच्या दशकात झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे काम करीत होते. तिथल्या शोना भाषकांच्या मानसिक त्रासाची चाचणी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इंग्रजीतून आणली नाही. आजारी माणसे स्वतः कोणते शब्द वापरतात ते आधी गोळा केले. त्यांत ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे ‘फार विचार करणे’ हा शब्द वारंवार आला, आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली चौदा प्रश्नांची शोना प्रश्नावली अशा शब्दांतून उभी राहिली. आपल्याकडेही बायका ‘मला नैराश्य आहे’ म्हणत नाहीत, ‘डोक्यात नुसते विचार येतात’ म्हणतात. म्हणून दोन्ही करावे : ‘उभा छेद’ म्हणतात तसा जुना प्रश्न राखावा, आणि जोडायचे प्रश्न गावात ऐकलेल्या शब्दांतून घडवावेत.

उत्तर : फळा-खडू

मी मराठीची शिक्षिका आहे. अमराठी भाषकांना मराठी शिकवते आणि सुट्टीत सर्वेक्षणासाठी नेमलेल्या मुलामुलींना वाचनाचे प्रशिक्षण देते. आपण सगळे छापील शब्दांवर बोलत आहात, पण प्रश्नावली उत्तर देणाऱ्याच्या हातात नसते. ती कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवते, आणि वाचणारी मुले दारात उभ्या उभ्या तिचे पुन्हा भाषांतर करतात. ‘सर्वसाधारणपणे पाहता’ हे शब्द समोरच्या आजींना कळले नाहीत, हे चेहऱ्यावर दिसताच ‘म्हणजे गावातल्या लोकांवर भरवसा आहे का, आजी?’ असे विचारले जाते. एवढ्यात प्रश्नाची त्रिज्या गावापुरती झालेली असते आणि आकडेवारीत त्याचा मागमूस राहत नाही.

लिंगाचाही प्रश्न येतो. ‘मला थकवा वाटतो’ असे वाक्य कोणाच्याही तोंडी चालते, पण ‘मी थकलो’ छापले की वाचणाऱ्याला दर घरी बदल करावा लागतो. त्यातही कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायका स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असेच बोलतात. त्यांना पुण्याच्या मुलीने ‘मी थकले’ असे सुधारून वाचून दाखवले, की त्यांना आपले बोलणे दुरुस्त केल्यासारखे वाटते आणि पुढची उत्तरे तुटक येतात. यंत्रभाषांतराचा मोह होत असेल, तर तेही पाहून ठेवा. मी एकदा वीस वाक्ये घालून पाहिली. प्रश्न बायकांसाठी असल्याचे सांगण्याची सोय नसल्यामुळे जवळपास सगळी पुल्लिंगी आली.

प्रशिक्षणात मी एकच सराव घेते. प्रत्येकाने प्रश्न न बघता आपल्या आजीला विचारायचा, ते ध्वनिमुद्रित करायचे, आणि वर्गात ऐकून जिथे जिथे शब्द बदलला तिथे थांबायचे. शिकवताना भाषांतर वर्ज्य मानण्याची शिस्त मलाही लावली गेली होती. गाय कुक यांचे २०१० चे या विषयावरचे पुस्तक वाचल्यापासून मी ती सोडली, आणि आता अमराठी विद्यार्थ्यांनाही हाच सराव देते. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक त्यांना व्याकरणाच्या तक्त्यापेक्षा या सरावात लवकर समजतो. तुम्ही ‘आपल्या गावात’ विचारता की ‘तुमच्या गावात’, यावरही उत्तर बदलेल, तेव्हा तेही आधी ठरवून घ्या.

प्रश्नकर्ती : माणदेशी

सर्वांचे मनापासून आभार. काल मार्गदर्शकांशी बोलले. मूळ प्रश्न तसाच ठेवण्याचे ठरले आहे, कारण ‘उभा छेद’ यांचे म्हणणे त्यांना पूर्ण पटले. त्यापुढे पाच प्रश्न जोडणार आहे : घरच्यांवर, भावकीवर, गटातल्या बायकांवर, शेजारच्या वाडीवरच्या माणसांवर आणि बाजारात पहिल्यांदाच भेटलेल्या माणसावर. अन्य राष्ट्रीयत्वाचा प्रश्न गाळला आहे. अन्य जातीचा प्रश्न घ्यावा असे मला वाटते. पण दारात, चार जण ऐकत असताना त्याचे खरे उत्तर मिळेल असे वाटत नाही, म्हणून तो वेगळ्या दीर्घ मुलाखतीसाठी ठेवला आहे. ‘जपून’ मात्र मूळ प्रश्नाबरोबर राहणारच, याची खंत आहे.

शिवाय एक प्रश्न त्या सचिव ताईंकडूनच घेतला आहे : ‘सही केलेली कोरी स्लिप तुम्ही कोणाकोणाकडे ठेवाल?’ आजोबांच्या उत्तरासाठी रकाना अजूनही नाही.

उत्तर : शब्दपारखी

स्लिपचा प्रश्न उत्तम आहे, पण ज्यांचे बँकेत खातेच नाही त्यांच्यासाठी पर्यायी रूप लागेल. ‘घराची किल्ली कोणाकडे ठेवून जाता?’ असे विचारून पाहा. आजोबांचे उत्तर शब्दशः लिहून ठेवा, आणि त्यांनी ते हसत दिले की न हसता, तेही.